गगनविहारी आंरी मिन्ये

सामान्य माणसाने स्वहस्ते विमान बांधून उडवावे, हा फ्रान्सच्या आंरी मिन्ये (१८९३–१९६५) यांचा ध्यास. १९३३ साली त्यांनी एकामागे एक दोन पंख असलेले चिमुकले विमान उडविले. पुढील पंख कलवून ते वरखाली होई. त्यांनी त्याचे नाव ठेवले ‘आकाशातील ऊ’! १९३४ साली त्याची बांधणी ग्रंथरूपाने सर्वांस खुली केली. देशोदेशींचे हौशी कामास लागले. परंतु काही विमाने सूर मारीत कोसळली, माणसे दगावली. वातविवरातील चाचण्यांत दोष उमगला : पंखांच्या परस्पर-परिणामामुळे सुरातून विमान सावरेना. निर्बंध आले. मिन्ये यांनी रचना सुधारली, नवी विमाने घडविली. आम्हां नोकरदारांस उड्डाण न साधले तरी चूक सुधारून पुन्हा कामास बसणे साधावे.