चर्चला टाळं लागलेल्या लंकेत गोव्याचा हा फादर भिकारी बनून शिरला होता

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं आणि देवळं, मशिदी, चर्च सगळ्यांची दारं बंद झाली. देऊळ बंद असलं तर माणूस घरच्या देव्हाऱ्यासमोर हात जोडतो. पण वसईतल्या किंवा गोव्यातल्या कॅथलिक माणसाची अडचण जरा वेगळी होती. त्याच्या धर्मातले काही विधी घरी एकट्याने होतच नाहीत. त्यासाठी समोर फादर लागतो.

कॅथलिक चर्चमध्ये सात संस्कार आहेत. त्यातला बाप्तिस्मा अगदीच वेळ आली तर कुणीही देऊ शकतो. बाळाच्या डोक्यावर पाणी ओतायचं आणि ठरलेले शब्द म्हणायचे. पण मिस्सा अर्पण करणं, पापनिवेदन ऐकून क्षमा देणं आणि आजाऱ्याला तेल लावणं ही कामं फक्त फादरच करू शकतात. मिस्सा मोबाईलवर बघता येते, ख्रिस्तप्रसाद मोबाईलवर घेता येत नाही.

आता विचार करा, ही परिस्थिती दोन-चार महिने नाही तर तब्बल २९ वर्षं राहिली तर?

हे आपल्या शेजारच्या श्रीलंकेत खरंच घडलंय. आणि त्यातून वाट काढणारा माणूस होता गोव्याचा. त्यांचं नाव जुझे वाझ.

२१ एप्रिल १६५१ रोजी साष्टीतल्या बाणावली गावात, आजोळी त्यांचा जन्म झाला. वडिलांचं गाव सांकवाळ. गोव्यात शिक्षण झालं आणि १६७६ मध्ये ते फादर झाले. पण तेव्हाच्या गोव्यात फादर होऊनही भारतीय माणसाचं स्थान दुय्यमच होतं. युरोपातून आलेले मोठमोठे धर्मसंघ स्थानिकांना आपल्यात घेत नव्हते. म्हणून काही गोवेकर फादरांनी एकत्र राहायला सुरुवात केली होती. १६८५ मध्ये वाझ त्यांच्यात सामील झाले आणि त्यांनी या गटाला ऑरेटरी या संस्थेचं रूप दिलं.

तोपर्यंत लंकेतलं चित्र पार बदललं होतं.

किनारपट्टीवर आधी पोर्तुगीजांची सत्ता होती. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५६ मध्ये कोलंबो घेतलं आणि १६५८ मध्ये जाफना. डच होते प्रोटेस्टंट, आणि कॅथलिक म्हणजे पोर्तुगीजांची माणसं हा त्यांचा हिशोब. त्यांनी कॅथलिक फादरांना हाकलून दिलं, चर्च ताब्यात घेतली आणि फादरला घरात लपवणाऱ्यालाही जबर शिक्षा ठेवली. युरोपियन फादर आत शिरला असता, तर गोऱ्या कातडीमुळे बंदरावरच पकडला गेला असता.

म्हणजे ज्या रंगामुळे गोव्यात धर्मसंघांचे दरवाजे बंद होते, तोच रंग लंकेत उपयोगी पडणार होता.

१६८६ मध्ये वाझ गोव्यातून निघाले. सोबत जुआंव नावाचा सेवक. १६८७ मध्ये दोघं जाफन्याला उतरले ते हमाल-भिकाऱ्याच्या वेशात, अनवाणी. प्रवासातच हगवणीने वाझ बेजार झाले होते.

पण खरा प्रश्न पुढेच होता. कॅथलिक कोण हे ओळखायचं कसं? लोक भीतीपोटी गप्प होते. चुकीच्या माणसाला विचारलं तर थेट तुरुंग.

वाझ यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागायला सुरुवात केली. भीक घालणाऱ्याची नजर जपमाळेवर थांबते का, एवढंच ते बघत. ओळख पटली की हळूच विचारपूस व्हायची, आणि मग निरोप एका घरातून दुसऱ्या घरात जायचा.

पुढचं काम रात्री चालायचं. एखाद्या घरात लोक जमायचे. पापनिवेदन, बाप्तिस्मा, राहून गेलेली लग्नं, आजाऱ्यांचं तेल, शेवटी मिस्सा आणि उजाडायच्या आत वाझ दुसऱ्या गावाला. त्यांनी तमिळ शिकून घेतली. फादर महिनोन्महिने येणार नाही हे गृहीत धरून गावागावात एकेक जाणता माणूस तयार केला, जो प्रार्थना घ्यायचा आणि मुलांना शिकवायचा.

डचांना सुगावा लागलाच. एका नाताळच्या रात्री सैनिकांनी धाड टाकली, जमलेल्यांना पकडून नेलं. वाझ निसटले, पण त्यांच्यासाठी मार खाल्ला तो गावकऱ्यांनी.

मग त्यांनी मोर्चा वळवला डोंगरातल्या कँडीच्या राज्याकडे. तिथला राजा विमलधर्मसूर्य दुसरा हा बौद्ध. १६९२ मध्ये वाझ कँडीला पोहोचले आणि पोर्तुगीज हेर समजून त्यांनाच कैदेत टाकलं. कैदेत बसून ते सिंहली शिकले. राजाच्या लक्षात आलं की हा माणूस हेर नाही. एका दुष्काळात त्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला, असं भाविक सांगतात.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. लोकांनी आजाऱ्यांना टाकून शहर सोडलं. वाझ आणि त्यांच्या नात्यातले फादर जुझे कार्व्हालो मागे राहिले. आजाऱ्यांना अन्न दिलं, जखमा धुतल्या, मेलेल्यांना मूठमाती दिली. यात त्यांनी धर्म विचारला नाही. त्यानंतर राजाने त्यांना राज्यात मोकळेपणाने काम करायची मुभा दिली. ख्रिस्ती डचांनी ज्या कॅथलिकांची चर्च बंद केली, त्यांना एका बौद्ध राजाने आश्रय दिला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. १५६७ मध्ये पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं पाडली, तेव्हा सांकवाळचा लक्ष्मीनृसिंह भक्तांनी फोंड्याकडे वेलिंगला हलवला. तेच हे सांकवाळ, वाझ यांचं गाव. म्हणजे लंकेत कॅथलिकांनी जे भोगलं, ते गोव्यातल्या हिंदूंनी शंभर वर्षं आधीच भोगलं होतं. सत्ता ज्याच्या हातात, तो दुसऱ्याचा देव बंद करतो, हा हिशोब दोन्हीकडे सारखाच.

वाझ गोव्याला परतले नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचं निधन झालं. त्यांच्यानंतर गोव्याच्या ऑरेटरीतल्या फादरांनी काम चालू ठेवलं. त्यातल्या जाकोम गोन्साल्विस यांनी सिंहलीत इतकं लिहिलं की तिथल्या कॅथलिक साहित्याचे ते जनक मानले जातात.

१४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर पोप फ्रान्सिस यांनी जुझे वाझ यांना संत घोषित केलं. श्रीलंकेचे ते पहिले संत, आणि जन्माने गोंयकार.

फादरपर्यंत पोहोचणं अशक्य असेल, तर मनापासून पश्चात्ताप करा आणि संधी मिळताच पापनिवेदन करण्याचा निश्चय ठेवा, असं चर्चने २०२० मध्ये लोकांना सांगितलं होतं. जाफन्यातले लोक २९ वर्षं ती संधी मिळायची वाट बघत होते. त्यांच्यासाठी ती चालत आली, तीही अनवाणी.