पार्क चुंग-ही : निर्यातीचा ध्यास आणि त्याची किंमत

दक्षिण कोरियाच्या औद्योगिक उभारणीचा इतिहास पार्क चुंग-ही यांना वगळून लिहिता येत नाही. त्या उभारणीसाठी सामान्य कोरियन माणसाने मोजलेल्या किमतीचा हिशेबही त्यांच्यापाशीच येऊन थांबतो.

गुमीजवळच्या एका खेड्यात, गरीब शेतकरी कुटुंबात १४ नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांचा जन्म झाला. कोरिया तेव्हा जपानच्या अमलाखाली होता. काही काळ प्राथमिक शाळेत शिक्षकी केल्यानंतर ते मांचुरियातील जपानप्रणीत सैन्यात अधिकारी झाले. स्वातंत्र्यानंतर कम्युनिस्टांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून त्यांना जन्मठेप सुनावण्यात आली. शिक्षा टळली, मात्र लष्करातील पद गेले. १९५० मध्ये युद्धाला तोंड फुटल्यावर त्यांना पुन्हा सेवेत घेण्यात आले.

१६ मे १९६१ रोजी लष्करी उठावाद्वारे त्यांनी सत्ता हाती घेतली, तेव्हा देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न शंभर डॉलरपेक्षा कमी होते. फाळणीत खनिजे आणि वीजनिर्मितीचा मोठा वाटा उत्तरेकडे गेला होता. देशांतर्गत बाजारपेठ तोकडी होती. त्यामुळे मनुष्यबळाच्या जोरावर माल तयार करून परदेशी विकणे, हाच मार्ग त्यांनी धरला. बँका सरकारच्या ताब्यात घेण्यात आल्या आणि निर्यात करणाऱ्या उद्योगांना स्वस्त दराने कर्जे मिळू लागली. निर्यातीच्या आढावा बैठकांना ते स्वतः दरमहा उपस्थित राहत. १९६४ मध्ये निर्यातीने दहा कोटी डॉलरचा टप्पा गाठला. १९७७ मध्ये ती एक हजार कोटी डॉलरवर पोहोचली.

भांडवलासाठी त्यांनी लोकक्षोभही ओढवून घेतला. विद्यार्थ्यांचा तीव्र विरोध मोडून काढत १९६५ मध्ये जपानशी संबंध पूर्ववत करण्यात आले. त्यातून ३० कोटी डॉलरचे अनुदान व २० कोटी डॉलरचे सरकारी कर्ज मिळाले. या निधीचा एक भाग पोहांगच्या पोलाद प्रकल्पात गुंतवण्यात आला आणि १९७३ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. सोल ते बुसान हा ४२८ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग १९७० मध्ये खुला झाला. त्याच्या बांधकामात ७७ जणांचे प्राण गेले.

त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला सोलमधील कापड कामगार चॉन ते-इल या २२ वर्षांच्या तरुणाने कामगार कायद्यांच्या अंमलबजावणीसाठी आत्मदहन केले. पार्क यांनी मात्र पकड अधिकच आवळली. ऑक्टोबर १९७२ मध्ये त्यांनी संसद बरखास्त केली आणि नव्या राज्यघटनेद्वारे आजीवन सत्तेची वाट मोकळी करून घेतली.

या राजवटीच्या अखेरच्या संकटाची सुरुवात निर्यात उद्योगातूनच झाली. ऑगस्ट १९७९ मध्ये केसांचे टोप बनवणारा कारखाना बंद पडल्याने तेथील महिला कामगारांनी विरोधी पक्षाच्या मुख्यालयात ठिय्या दिला. पोलीस कारवाईत एका तरुणीचा मृत्यू झाला. पुढे विरोधी पक्षनेते किम यंग-साम यांना संसदेतून काढण्यात आले आणि बुसान व मासानमध्ये जनता रस्त्यावर उतरली. २६ ऑक्टोबर रोजी गुप्तचर प्रमुख किम जे-ग्यू यांनीच पार्क यांची गोळ्या झाडून हत्या केली.

पोलाद, जहाजबांधणी आणि मोटारींच्या उद्योगांनी पुढे जगाची बाजारपेठ काबीज केली. अध्यक्षाची थेट निवड करण्याचा हक्क मात्र कोरियन नागरिकांना १९८७ मध्ये, रस्त्यावरच्या लढ्यानंतरच परत मिळाला.