बाहुल्यांचे शंकर
(एस. वाय. बी. ए.)

लहानपणी बाहुली खेळली नाही अशी मुलगी सापडणे कठीण. माझी बाहुली आजीने स्वतःच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची करून दिली होती. डोके कापसाचे, डोळे काजळाचे. दुसरी बाहुली आमच्या घरात कधी आली नाही आणि आईच्या वाट्याला तर तेवढीही आली नव्हती. म्हणून ग्रंथालयात मासिके चाळताना दिल्लीच्या बाहुली संग्रहालयाविषयी प्रथम वाचले, तेव्हा मोठे नवल वाटले. पन्नाशीला टेकलेला, राजकारणातील भल्याभल्यांची टर उडवणारा एक व्यंगचित्रकार परदेशातून बाहुल्या घेऊन येतो काय आणि त्यांना काचेच्या कपाटात घर देतो काय! हे गृहस्थ म्हणजे केशव शंकर पिल्लै. सारा देश त्यांना नुसते ‘शंकर’ म्हणूनच ओळखत असे.

शंकर यांचा जन्म ३१ जुलै १९०२ रोजी केरळमधील कायंकुळम या गावी झाला. तेव्हा तो भाग त्रावणकोर संस्थानात होता. वडील लवकर गेले आणि मुलगा आजोबांच्या घरी वाढला. शाळेत असताना एकदा वर्गात पेंगणाऱ्या मास्तरांचे त्यांनी चित्र काढले. मुख्याध्यापक भयंकर संतापले. पण घरातील एका काकांनी त्या चित्रातले कसब हेरले आणि पोराला रागावण्याऐवजी उत्तेजनच दिले. प्रत्येक घरात असा एखादा काका असता तर कितीतरी मुलांचे भले झाले असते! शालेय शिक्षण संपल्यावर मावेलिक्करा येथे त्यांनी काही काळ चित्रकलेचे धडे घेतले, मग त्रिवेंद्रमच्या कॉलेजातून १९२७ साली पदवी मिळवली आणि वकिली शिकण्यासाठी ते मुंबईस आले.

वकिलीत त्यांचे मन रमले नाही. अभ्यास अर्धवट सोडून त्यांनी एका जहाज कंपनीत नोकरी धरली आणि फावल्या वेळात व्यंगचित्रे काढून ‘फ्री प्रेस जर्नल’ व ‘बॉम्बे क्रॉनिकल’कडे पाठवण्यास सुरुवात केली. चरित्रे वाचताना असा भाग आला की मी जरा थबकते. ज्या घरातून पहिलेच माणूस कॉलेजात गेले आहे, त्या घरी जाऊन ‘शिक्षण सोडतो, चित्रे काढतो’ असे सांगण्याची छाती कोणाची होईल? शंकर यांनी मात्र सोडले. पदवी हातात होती आणि नोकरीही होती, हेही विसरून चालणार नाही.

१९३२ साली ‘हिंदुस्थान टाइम्स’चे संपादक पोथन जोसेफ यांनी त्यांना दिल्लीला नेले, आणि पुढे १९४६ पर्यंत ते त्या पत्राचे व्यंगचित्रकार होते. मधल्या काळात सुमारे चौदा महिने लंडनला राहून त्यांनी आपला हात अधिक तयार केला. मे १९४८ मध्ये त्यांनी स्वतःचे ‘शंकर्स वीकली’ काढले. प्रकाशन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. स्वतःची सर्वांत जास्त चेष्टा जिथे होणार त्या पत्राचे प्रकाशन स्वतःच करायचे, यात नेहरूंचाही मोठेपणा होताच. अबू अब्राहम, कुट्टी, ओ. व्ही. विजयन ही पुढे गाजलेली मंडळी याच पत्रात वावरली.

मुलांकडे त्यांचा ओढा मुळापासूनचा. १९४९ साली त्यांनी मुलांसाठी चित्रांची स्पर्धा सुरू केली. लवकरच ती आंतरराष्ट्रीय झाली, देशोदेशीची चित्रे दिल्लीला येऊ लागली. याच स्पर्धेने त्यांच्या आयुष्यात बाहुली आणली. १९५० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट. हंगेरीच्या राजदूतांनी स्पर्धेतील बक्षीस म्हणून एक बाहुली दिली. अंगावर हंगेरीचा पारंपरिक पोशाख. शंकर त्या बाहुलीवर इतके लुब्ध झाले की यापुढे परदेशी गेलो की तिथली बाहुली आणायचीच, असे त्यांनी ठरवून टाकले. पत्रकार म्हणून नेहरूंच्या दौऱ्यांत त्यांना जावे लागे. इतर पत्रकार काय घेऊन परतत असतील ते असो, शंकर यांच्या सामानात बाहुल्या असत. पाहता पाहता संग्रह पाचशेच्या घरात गेला.

या बाहुल्या कपाटात कुलूपबंद करून ठेवणे त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते. मुलांच्या चित्रांबरोबर त्या गावोगाव प्रदर्शनात मांडल्या जाऊ लागल्या. पण बाहुली ही नाजूक वस्तू. पेटीत भरा, गाडीत चढवा, उतरवा, मांडा आणि पुन्हा भरा. या खटाटोपात कोणाचा हात मोडे तर कोणाच्या पोशाखाची दशा होई. अशाच एका प्रदर्शनाला नेहरू आणि इंदिरा गांधी आल्या असताना शंकर यांनी ही अडचण सांगितली, आणि बाहुल्यांसाठी कायमचे संग्रहालय करावे असे इंदिराजींनी सुचवले, अशी हकीगत सांगितली जाते. शंकर यांनी १९५७ मध्ये मुलांच्या पुस्तकांसाठी ‘चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट’ स्थापन केलाच होता. बहादूरशहा जफर मार्गावरील त्याच्या ‘नेहरू हाउस’ या इमारतीतच बाहुल्यांना जागा मिळाली. ३० नोव्हेंबर १९६५ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ते पाहायला नेहरू राहिले नव्हते, आदल्या वर्षीच ते गेले होते.

आरंभी तिथे हजारभर बाहुल्या होत्या. जपानच्या काबुकी नाटकातील पात्रे आणि सामुराई योद्धे, स्पेनच्या फ्लॅमेंको नर्तकी, इंग्लंडच्या राण्या, थायलंडचा बायकांचा वाद्यवृंद असे कितीतरी प्रकार त्या कपाटांत आले. पण मला विशेष वाटते ते संग्रहालयाला जोडून असलेल्या बाहुल्या बनवण्याच्या कारखान्याचे. परदेशच्या बाहुल्या भेट आल्या तर परत काय द्यायचे? आपल्याही बाहुल्या हव्यात. म्हणून तिथे भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील लोकांच्या बाहुल्या हाताने घडवल्या जाऊ लागल्या. प्रांताप्रांतातील स्त्री-पुरुषांच्या जोड्या, नवऱ्या मुली, कथकलीतील पात्रे, असे दीडशेच्या आसपास प्रकार. आधी त्या त्या प्रदेशातील लोकांची चेहरेपट्टी, पोशाख, दागिने यांचा अभ्यास करायचा आणि मग बाहुली करायची, अशी तिथली रीत. बाजारात नंतर साडी नेसलेली बार्बी आली, तिच्याशी ताडून पाहिले की फरक ध्यानात येतो. बार्बीचा मूळचा गोरा, परदेशी चेहरा तसाच राहतो, वर फक्त साडी चढते. शंकर यांच्या बाहुलीत आधी माणूस आहे, पोशाख त्याच्या अंगावरचा आहे. १९८० साली पोलंडमधील क्राकोव्ह येथे भरलेल्या बाहुल्यांच्या प्रदर्शनात या कारखान्याच्या बाहुल्यांना पहिले पारितोषिक मिळाले.

तरीही मनात एक शंका येते. एका प्रांताची एक जोडी म्हटली की त्यात कोण बसणार? आईच्या लग्नाच्या फोटोत तिच्या नाकात नथ आहे. ती शेजारणीकडून एका दिवसासाठी मागून आणली होती. आजीच्या नाकात तर कधी नथ नव्हतीच. महाराष्ट्राची बाहुली म्हणून जी कोणी उभी राहते ती नथ आणि भरजरी साडी घालून. रोजच्या कामाच्या लुगड्यातली बाई कोणत्याही संग्रहात सहसा उभी राहत नाही. हा दोष एकट्या शंकर यांचा नव्हे, पोशाखाच्या बाहुल्या जमवणाऱ्या सर्वांचाच आहे.

आणखी एक गोष्ट लपवून हे चरित्र मला लिहिता येणार नाही. १९४९ साली शंकर यांनी काढलेल्या एका व्यंगचित्रात राज्यघटना गोगलगाय झाली आहे, तिच्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर हातात चाबूक घेऊन बसले आहेत आणि मागे नेहरूंच्याही हाती चाबूक आहे. अकरावीच्या पाठ्यपुस्तकातील या चित्रावरून मे २०१२ मध्ये संसदेत मोठे वादळ झाले आणि ते चित्र काढून टाकण्यात आले. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे आणि त्यांच्यामुळेच मी कॉलेजात आहे. मी ते चित्र अनेकदा पाहिले. चित्रकाराला घटनेच्या मंद गतीवर बोट ठेवायचे होते, हे मला समजते. पण घटनेसाठी आजारपणातही राबणाऱ्या माणसामागे चाबूक का, हे माझ्या मनाला पटत नाही. त्यामुळे शंकर यांच्याविषयीचा आदर कमी झाला का, असे मैत्रिणीने विचारले. कमी झाला, आणि बाहुल्यांचे वाचले की पुन्हा वाढतो. हे असेच चालले आहे.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि ऑगस्टअखेर ‘शंकर्स वीकली’ बंद झाले. सत्तावीस वर्षे चाललेले पत्र. बाहुल्यांना घर मिळावे असे ज्यांनी सुचवले होते, त्याच तेव्हा पंतप्रधान होत्या. पुढल्याच वर्षी, आणीबाणी चालू असतानाच, सरकारने शंकर यांना पद्मविभूषण दिले. १९७७ साली पोलंडच्या मुलांनी ‘ऑर्डर ऑफ द स्माइल’ हा बहुमान दिला. या दोहोंपैकी त्यांना कोणता अधिक प्रिय असेल याचा तर्क वाचकांनीच करावा!

पत्र बंद झाल्यावर उरलेली वर्षे त्यांनी मुलांची पुस्तके, स्पर्धा आणि बाहुल्या यांतच घालवली. २६ डिसेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. संग्रह मागे राहिला आणि वाढत गेला. पंच्याऐंशी देशांच्या साडेसहा हजारांवर बाहुल्या आता तिथे आहेत.

मी अजून दिल्ली पाहिलेली नाही. हे सारे वाचून आईला सांगितले तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की एवढ्याशा बाहुलीच्या नाकात नथ बसवतात तरी कशी. कधी जाणे झालेच तर तिला घेऊन जाईन आणि काचेजवळ उभी करून ते पाहायला लावीन.