स्वामी विवेकानंदांची तीर्थयात्रा आणि चेन्नई

चेन्नईला जाण्याचा योग आला की आपण मैलापूरला कपालीश्वराचे दर्शन घेतो, तिरुवल्लिकेणीला पार्थसारथीपुढे हात जोडतो आणि संध्याकाळी मरिना किनाऱ्यावर येऊन बसतो. या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर एक जुनी, गोलाकार दर्शनी भागाची इमारत उभी आहे. अमेरिकेहून जहाजाने येणारा बर्फ साठवण्यासाठी ती १८४२ मध्ये बांधली गेली, म्हणून लोक तिला आइस हाउस म्हणत. आज तिचे नाव आहे विवेकानंदर इल्लम, म्हणजेच विवेकानंदांचे घर. कोलकात्यात जन्मलेल्या संन्याशाचे घर चेन्नईत कसे, असा प्रश्न आपल्याला पडेल. त्याचे उत्तर स्वामीजींच्या तीर्थयात्रेत आहे.

१२ जानेवारी १८६३ रोजी जन्मलेल्या नरेंद्रनाथांनी श्रीरामकृष्णांच्या चरणी आपले जीवन वाहिले. १८८६ मध्ये गुरूंनी देह ठेवला आणि काही काळातच या तरुण संन्याशाला यात्रेची ओढ लागली. १८८८ मध्ये त्यांनी काशी आणि अयोध्येचे दर्शन घेतले, आग्र्याला ताजमहाल पाहिला आणि तेथून ते वृंदावनाकडे निघाले. त्या वाटेवर एक माणूस चिलीम ओढत बसला होता. स्वामीजींनी ती मागितली. आपण भंगी आहोत, असे त्याने संकोचाने सांगताच स्वामीजी नकळत पुढे चालू लागले. काही अंतर गेल्यावर त्यांचे मन त्यांनाच खाऊ लागले. सर्वांभूती एकच आत्मा आहे असे मानायचे आणि एका माणसाच्या हातची चिलीम नाकारायची? ते मागे फिरले आणि आग्रह करून त्याच्याकडूनच त्यांनी ती घेतली. वृंदावनात पोहोचण्याआधीच त्यांची यात्रा सुरू झाली होती, असे म्हणायला हवे.

जुलै १८९० मध्ये ते पुन्हा मठातून बाहेर पडले. पुढच्या वर्षी दिल्लीत त्यांनी गुरुबंधूंचाही निरोप घेतला आणि ते एकटेच निघाले. जवळ पैसा नव्हता. पुष्करला ब्रह्मदेवाचे दर्शन झाले. अजमेरला अकबराचा महाल आणि ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींचा दर्गा पाहिला. अबूच्या डोंगरावर दिलवाड्याच्या जैन मंदिरांतील अकराव्या आणि तेराव्या शतकांतले संगमरवरी कोरीवकाम त्यांनी पाहिले. येथेच गुहेत राहणाऱ्या या संन्याशाला एका मुस्लिम वकिलाने आपल्या घरी नेले. त्याच्याकडे राहिल्यास लोक काय म्हणतील, याचा विचार स्वामीजींनी केला नाही.

गुजरातेत अहमदाबादच्या मशिदी आणि कबरी पाहताना त्यांनी तेथील जैन पंडितांशी चर्चाही केल्या. लिंबडीत मात्र वेगळाच प्रसंग ओढवला. साधूंचे स्थान समजून ते एका ठिकाणी उतरले आणि आपण एका विकृत पंथाच्या तावडीत सापडलो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांना कोंडून ठेवण्यात आले. भेटायला येणाऱ्या एका मुलाच्या हाती खापराच्या तुकड्यावर कोळशाने लिहिलेला निरोप त्यांनी लिंबडीच्या ठाकूरसाहेबांना पाठवला, तेव्हा सुटका झाली. भगवे वस्त्र आणि साधूचे नाव दिसले की आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो. या प्रसंगाची आठवण आपल्या प्रत्येकाला असावी.

या अनुभवानंतरही त्यांनी यात्रा सोडली नाही. जुनागढला राहून ते गिरनार चढले. या एकाच पर्वतावर बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांचे मंदिर आहे, अंबामाता आणि दत्तात्रेयांची स्थाने आहेत आणि पायथ्याच्या शिळेवर सम्राट अशोकाचे लेख आहेत. पालिताण्याला जैनांचा पवित्र शत्रुंजय पर्वतही त्यांनी चढून पाहिला. प्रभासपाटणला त्यांनी सोमनाथाचे भग्न मंदिर पाहिले आणि जवळच पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी बांधलेल्या मंदिराचेही दर्शन घेतले. पडलेल्या भिंतींशेजारी नव्याने उभा राहिलेला गाभारा पाहून या देशाची शक्ती कशात आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. पोरबंदरला ते शंकर पांडुरंग पंडित या मराठी वेदपंडितांकडे राहिले आणि तेथे त्यांनी अध्ययन केले. तीर्थाला आलेला हा यात्रेकरू ग्रंथालयातही तितकाच रमत असे.

१८९२ मध्ये ते महाराष्ट्रात आले. मुंबईहून पुण्याला जाताना रेल्वेच्या डब्यात लोकमान्य टिळकांची भेट झाली आणि पुण्यात काही दिवस ते त्यांच्याच घरी राहिले. पुढे कोल्हापूर, बेळगाव, मडगाव, म्हैसूर, त्रिवेंद्रम असे करत वर्षाच्या अखेरीस ते कन्याकुमारीला पोहोचले. देवीचे दर्शन घेऊन समुद्रातील शिळेवर ते ध्यानाला बसले. देशभरची तीर्थे पाहून झाली होती आणि त्या तीर्थांच्या वाटेवरची उपाशी, अपमानित माणसेही त्यांनी पाहिली होती. या माणसांसाठी आपण काय करणार, हा प्रश्न आता त्यांना स्वस्थ बसू देईना.

त्या प्रश्नाला वाट मिळाली ती चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये. येथे शिक्षक असलेले अळसिंग पेरुमाळ आणि त्यांचे तरुण सोबती स्वामीजींभोवती जमले. शिकागोच्या धर्मपरिषदेला त्यांनी जावे म्हणून या तरुणांनी वर्गणी गोळा केली. पण ही खरोखर जगन्मातेची इच्छा आहे का, याबद्दल स्वामीजींच्या मनात शंका होती. जमलेले पैसे त्यांनी गरिबांत वाटून टाकायला सांगितले. तरुणांनी तसे केले. पुढे स्वामीजींचा निश्चय झाला, श्रीशारदामातांचा आशीर्वाद मिळाला आणि अळसिंग पुन्हा दारोदार फिरले. ३१ मे १८९३ रोजी स्वामीजी मुंबईहून जहाजाने निघाले. शिकागोत काय झाले ते आपण सर्व जाणतोच.

६ फेब्रुवारी १८९७ रोजी ते मद्रासला परतले, तेव्हा लोकांनी गाडीचे घोडे सोडून ती स्वतः ओढली. त्या वेळी नऊ दिवस त्यांचा मुक्काम होता तो याच आइस हाउसमध्ये. पुढे स्वामी रामकृष्णानंद येथे आले आणि दक्षिणेतील मठाचे कार्य काही वर्षे याच इमारतीतून चालले.

यानंतरही स्वामीजींनी तीर्थे केली. १८९८ मध्ये अमरनाथ, १९०१ मध्ये वृद्ध आईला घेऊन चंद्रनाथ आणि कामाख्या. ४ जुलै १९०२ रोजी, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

आपणही यात्रा करतो. पूर्वीपेक्षा आज प्रवास सोपा झाला आहे, पण दर्शनाची रांग संपली की यात्राही संपते, असे आपले होत नाही ना? मैलापूरला एके काळी नेमिनाथांचेही मंदिर होते, असे तमिळ जैन परंपरा सांगते. गिरनारचा देव समुद्रकाठच्या या गावीही पूजला जात होता, हे कळले की देश किती जवळचा वाटतो! पुढच्या वेळी मंदिरात जाल तेव्हा तेथील शिल्प पाहा, शिलालेखाजवळ थांबा, बांधणाऱ्यांची माहिती घ्या. आणि पायरीवर बसलेल्या माणसाशीही दोन शब्द बोला. चेन्नईला गेलात तर मरिना किनाऱ्यावरच्या त्या घरात थोडा वेळ शांत बसा आणि घरी परतताना आपण यात्रेतून कोणते काम सोबत नेत आहोत, हे स्वतःला विचारा.