कोडी घालणारा कारकून : हेन्री ड्यूडनी

सेंड मोअर मनी. हॉस्टेलवर राहणाऱ्या कुणालाही या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही! पण हेच तीन इंग्रजी शब्द बेरजेसारखे एकाखाली एक लिहा. वर सेंड, त्याखाली मोअर, रेघेखाली मनी. आता प्रत्येक अक्षर म्हणजे एक अंक. अक्षर वेगळं तर अंकही वेगळा, आणि बेरीज बरोबर यायला हवी. झालं कोडं तयार. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत आणि कम्प्युटरच्या वर्गात ते आजही भेटतं. खाली रचणाऱ्याचं नाव मात्र सहसा नसतं.

ते नाव हेन्री अर्नेस्ट ड्यूडनी. जन्म १० एप्रिल १८५७, इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातलं मेफील्ड हे गाव. आजोबा मेंढपाळ होते. मेंढ्या राखता राखता ते स्वतःच गणित आणि खगोलशास्त्र शिकले आणि पुढे लुइस गावात मास्तर झाले. वडीलही शिक्षक. अशा घरात वाढूनही हेन्री कधी कॉलेजात गेले नाहीत. नऊ वर्षांचे असताना त्यांची कोडी गावच्या वर्तमानपत्रात छापून येऊ लागली, आणि तेराव्या वर्षी ते सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटले. दिवसभर फायली, उरलेल्या वेळात बुद्धिबळ, गणित आणि कोडी.

सुरुवातीला ते स्फिंक्स या टोपणनावाने लिहायचे. त्याच काळात अमेरिकेत सॅम लॉइड हे कोडीकार गाजत होते. दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला, कोड्यांची देवाणघेवाण झाली, १८९० च्या दशकात एका इंग्रजी साप्ताहिकात दोघांनी मिळून कामही केलं. मग ड्यूडनींच्या लक्षात आलं, की आपली कोडी लॉइड स्वतःच्या नावावर छापतायत. मैत्री तिथेच तुटली. त्यांच्या मुलीला बापाचा तो संताप म्हातारपणीही आठवत होता. लहानपणी ती इतकी घाबरली होती, की तिच्या मनात सॅम लॉइड म्हणजे साक्षात सैतानच होऊन बसला.

घरातही सगळं सुरळीत नव्हतं. १८८४ मध्ये त्यांचं अ‍ॅलिस व्हिफिन यांच्याशी लग्न झालं. पहिली मुलगी तान्ही असतानाच गेली. अ‍ॅलिस पुढे मिसेस हेन्री ड्यूडनी या नावाने लोकप्रिय कादंबरीकार झाल्या. मधली काही वर्षं दोघं वेगळी राहिली आणि नंतर पुन्हा एकत्र आली.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना ड्यूडनी आपले वाटावेत, असं त्यांचं एक पुस्तक आहे. १९०७ चं 'द कँटरबरी पझल्स'. संत थॉमस बेकेट यांच्या समाधीकडे निघालेले चॉसरचे यात्रेकरू इथे गोष्टींऐवजी एकमेकांना कोडी घालतात! त्यातलं एक कोडं समभुज त्रिकोणाचे चार तुकडे करून चौरस बनवण्याचं. १९०५ मध्ये ड्यूडनींनी बिजागऱ्या लावलेली त्याची लाकडी प्रतिकृती थेट रॉयल सोसायटीत दाखवली. कॉलेजची पायरी न चढलेला माणूस शास्त्रज्ञांपुढे उभा होता. चर्चशीही त्यांचं नातं होतं. ते ऑर्गन वाजवायचे, जुन्या चर्चसंगीताचा अभ्यास करायचे आणि गायनवृंदाला ते शिकवायचे.

१९१० पासून त्यांनी स्ट्रँड मासिकात सदर चालवलं. शेरलॉक होम्सच्या कथा छापणारं हेच ते मासिक. डिसेंबर १९१४ च्या अंकातलं त्यांचं एक कोडं केंब्रिजमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी वाचलं. बेल्जियममधल्या लूव्हेन शहरातलं घर. रस्त्यावरच्या घरांना १, २, ३ असे क्रमांक. आपल्या घराच्या एका बाजूच्या क्रमांकांची बेरीज दुसऱ्या बाजूच्या बेरजेइतकी, आणि घरं ५० पेक्षा जास्त, ५०० पेक्षा कमी. लूव्हेन तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं, कारण तिथल्या कॅथलिक विद्यापीठाचं ग्रंथालय ऑगस्टमध्येच जर्मन सैन्याने जाळलं होतं. महालनोबिसांनी कोडं मित्राला वाचून दाखवलं. मित्र भाजी परतत होता. परतता परतताच त्याने असं उत्तर सांगितलं, की त्यातून या प्रकारची सगळी उत्तरं निघतात. तो मित्र म्हणजे श्रीनिवास रामानुजन. स्ट्रँडमधलं उत्तर : घरं २८८, आपलं घर २०४.

सेंड मोअर मनी त्याच मासिकात जुलै १९२४ मध्ये आलं. अंकांऐवजी अक्षरं वापरायची कल्पना त्यांच्या आधीचीच. पण तीन शब्द, त्यांचं अर्थपूर्ण वाक्य आणि उत्तर एकच, दुसरं निघणारच नाही, हे जमवणं सोपं नव्हतं. सोडवायला कसं लागायचं? दोन चार-अंकी संख्यांची बेरीज पाच अंकी आली, तर पुढचा अंक म्हणजे हातचा, आणि तो १ च असणार. म्हणून एम म्हणजे १. मग हजाराच्या घरात एसमध्ये हा १ मिळवला, मागचा हातचा आला तरी बेरीज जास्तीत जास्त ११. म्हणजे ओ एकतर ० किंवा १. पण १ तर एमने घेतलाय, म्हणून ओ म्हणजे शून्य. पुढचं तुम्ही करा. ताळा पाहायला : ९५६७ आणि १०८५, बेरीज १०६५२.

२३ एप्रिल १९३० रोजी लुइसमध्ये, जिथे आजोबा मास्तर होते त्याच गावात, ड्यूडनी वारले. पुढे २५ वर्षांनी, १९५५ मध्ये, जे. ए. एच. हंटर यांनी अशा अर्थपूर्ण कोड्यांना अल्फामेटिक हे नाव दिलं. कोड्याच्या प्रकाराला नाव मिळालं, पण आपलं नाव पुसलं गेलं म्हणून जो माणूस इतका संतापला होता, त्याचंच सगळ्यात गाजलेलं कोडं आज बिननावी फिरतं. लॉइडनी मुद्दाम केलं, ते आपण न कळत करतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कविता पुढे ढकलताना कवीचं नाव गाळतो, तसंच. पुढच्या वेळी हे कोडं कुणाला घालाल, तेव्हा खाली दोन शब्द लिहा : हेन्री ड्यूडनी.