आकाशाचा चोख हिशेबनीस

एप्रिलच्या मध्यावर, रात्री नऊच्या सुमारास, जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही उघड्या माळावरून दक्षिणेला पाहिले तर क्षितिजापासून जेमतेम दहा अंशांवर ईटा कॅरिनी हा तारा असतो. आज तो नुसत्या डोळ्यांना कसाबसा दिसेल इतका मंद आहे. मार्च १८४३ मध्ये मात्र रात्रीच्या ताऱ्यांत व्याधाखालोखाल त्याचाच मान होता. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. स्वच्छ रात्री जागलीला बसलेल्यांना तो दिसलाच असणार. कलकत्त्यात मॅके नावाच्या मिशनऱ्याने तो पाहिला आणि टिपूनही ठेवला. पण या ताऱ्याचा खरा हिशेबनीस जॉन हर्शेल.

युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा मुलगा ७ मार्च १७९२ रोजी इंग्लंडमधील स्लाऊ येथे जन्मला. बापाने उत्तरेचे आकाश धुंडाळले होते. दक्षिणेचे मुलाने अंगावर घेतले. जानेवारी १८३४ मध्ये पत्नी मार्गारेट, मुले आणि वीस फुटी दुर्बीण घेऊन तो स्वखर्चाने केपला उतरला. तिथे चार वर्षे त्याने तारे, तेजोमेघ, जोडतारे मोजले. ताऱ्यांचे तेज ताडून पाहण्यासाठी चंद्राच्या प्रतिबिंबाचा उपयोग करणारे उपकरणही त्याने बनवले.

१६ डिसेंबर १८३७ च्या रात्री ओळखीचा ईटा एकाएकी प्रखर झालेला त्याला दिसला. पुढचे काही आठवडे त्याने त्याचे तेज शेजारच्या ताऱ्यांशी ताडून टिपून ठेवले. मार्च १८३८ मध्ये तो मायदेशी निघाला. इंग्लंडातून हा तारा दिसतच नाही. ज्या शिखराची चाहूल त्याला लागली, ते १८४३ मध्ये इतरांनी पाहिले. केपमधील सारे निष्कर्ष त्याने १८४७ मध्ये ग्रंथरूपाने दिले.

त्याने नेमके काय पाहिले, हे विसाव्या शतकात उलगडले. ईटा हा महातेजस्वी निळा रूपविकारी तारा. अशा ताऱ्यांत प्रकाशाचा बाहेरचा रेटा गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास तोडीचा असतो. तोल गेला की तारा आपलेच थर उधळतो. त्या उद्रेकात ईटाने दहा सूर्यांहून अधिक द्रव्य फेकले. वायू आणि धुळीचे ते दोन फुगे सेकंदाला सुमारे ६५० किलोमीटर वेगाने अजून पसरताहेत. त्यांची गती उलटी मोजत गेले की आपण १८४० च्या दशकात पोहोचतो. त्याच धुळीने ताऱ्याला झाकले.

११ मे १८७१ रोजी हर्शेल वारला, तोवर ईटा नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला होता. मला त्याचे मोठेपण इथेच वाटते. अर्थ हाती नसताना त्याने आकडे चोख लिहिले. आज फुग्यांचे वय आणि ताऱ्याचे भडकणे यांचा मेळ बसतो, तो त्या पिढीच्या अशा नोंदींमुळे. त्या नसत्या तर आपल्यापाशी नुसते फुगे उरले असते, त्यांची जन्मकथा उरली नसती.