क्रॉयडनहून डार्विन : कुमारी एमी जॉन्सन

इंग्लंडांतील हल या बंदराच्या गांवीं, एका मासळीच्या व्यापाऱ्याच्या घरीं, १ जुलै १९०३ रोजीं एमी जॉन्सन हिचा जन्म झाला. शेफील्ड विद्यापीठांत अर्थशास्त्र घेऊन ती पदवीधर झाली व पुढें लंडनमध्यें एका वकिलाच्या कचेरींत नोकरी करूं लागली. पगार बेताचा आणि विमानविद्येचें शिक्षण महाग. तथापि काटकसर करून १९२९ सालीं तिनें वैमानिकाचा परवाना मिळविला. एवढ्यावर तिचें समाधान झालें नाहीं. तेलानें हात काळे करून तिनें यंत्रदुरुस्तीची विद्याहि हस्तगत केली, व त्या कामाचा सरकारी परवाना मिळविणारी ती ब्रिटनमधील पहिली स्त्री ठरली.

लंडनपासून ऑस्ट्रेलियांतील डार्विन शहर विमानाच्या त्या वेळच्या मार्गानें सुमारें ११,००० मैल दूर. १९२८ सालीं बर्ट हिंकलर यानें हा प्रवास एकट्यानें साडेपंधरा दिवसांत केला होता. त्याहून त्वरेनें जाण्याचा एमीनें निश्चय केला. लंडनहून हलपर्यंत जाण्यापलीकडे लांबचें उड्डाण तिनें तोंवर केलें नव्हतें! वडिलांनीं व लॉर्ड वेकफील्ड यांनीं दिलेल्या पैशांतून तिनें एक जुनें ‘जिप्सी मॉथ’ विमान विकत घेतलें व त्याचें नांव ‘जेसन’ ठेविलें.

५ मे १९३० रोजीं तिनें क्रॉयडन सोडलें. बसावयाची जागा उघडी. बिनतारी यंत्र नाहीं. सोबती कोणी नाहीं. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल व अलेप्पो मागें पडलीं. बगदादच्या वाटेवर वाळूच्या वादळानें तिला वाळवंटांत उतरविलें. तरीहि सहाव्या दिवशीं ती कराचीस पोंचली. तेव्हां कराची मुंबई इलाख्यांतच होती. हिंकलरपेक्षां ती दोन दिवस पुढें होती, आणि साऱ्या जगाचें लक्ष तिच्याकडे लागलें.

येथून दैव फिरलें. झांशीजवळ तेल संपलें. कवाइतीच्या मैदानावर उतरतांना विमानाच्या पंखास इजा झाली. पुढें रंगूनजवळ पावसांत भलत्याच मैदानावर उतरल्यामुळें विमान खड्ड्यांत गेलें व पंखा मोडला. दुरुस्तींत दिवस गेले, आणि त्याबरोबर हिंकलरवर मात करण्याची आशाहि गेली. परत फिरण्यास याहून चांगलें निमित्त कोणतें? पण ती फिरली नाहीं. २४ मे रोजीं, साडेएकोणीस दिवसांनीं, ती डार्विनला उतरली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास एकटी उडत जाणारी ती पहिली स्त्री होय.

१९३२ सालीं लंडन ते केपटाउन हें अंतर तिनें पांच दिवसांच्या आंत तोडून नवा उच्चांक केला. महायुद्धांत ती विमानें ठिकठिकाणीं पोंचविण्याच्या सेवेंत शिरली. ५ जानेवारी १९४१ रोजीं ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डकडे जातांना वाईट हवेंत ती वाट चुकली व टेम्सच्या मुखाशीं बुडून मरण पावली. तिला वांचविण्यासाठीं थंडगार पाण्यांत उडी घेणारा नौदलाचा अधिकारीहि प्राणास मुकला.

२०१८ सालापासून लंडन व पर्थ यांमधील उड्डाण कोठेंहि न थांबतां सुमारें १७ तासांत होऊं लागलें. ‘जेसन’ मात्र लंडनच्या विज्ञान संग्रहालयांत विसावला आहे. बालमित्रहो, उच्चांक हुकल्यावरहि उरलेली वाट जिनें पुरी केली, तिचें स्मरण परीक्षेंत पहिला नंबर हुकलेल्या प्रत्येकानें अवश्य ठेवावें.